खेळाडूने महाविद्यालय सोडावे काय?

प्रवरा खोऱ्यातील लोणी येथे १९८३ साली ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या मुलांसाठी एक नवे दार उघडले गेले. सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातच मुलगा अभियंता होऊ शकतो, ही कल्पना त्या पिढीला अपूर्वाईची होती. पुढे दहा-बारा वर्षांनी याच महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीसाठी नाव घातलेला श्रीरामपूरचा एक मुलगा अभ्यासक्रम अर्धा टाकून मुंबईस गेला आणि वेगवान गोलंदाजी करू लागला. तो झहीर खान. भारतातर्फे ९२ कसोटी सामन्यांत ३११ बळी आणि २०११ च्या विश्वचषकात २१ बळी, एवढा हिशेब मांडून २०१५ साली तो निवृत्त झाला. लोणीची जागा सोडण्याचा त्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रश्न आज कोणी विचारणार नाही.

परंतु हीच अडचण आहे. झहीरची कथा जिल्ह्यात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, ती आता एका मुलाची कथा न राहता सर्व मुलांना दिलेला सल्ला होऊन बसली आहे. श्रीगोंद्याच्या तालमीत घाम गाळणारा, राहुरीच्या मैदानावर चढाई करणारा किंवा शेवगावला टेनिस चेंडूच्या सामन्यांत नाव काढणारा मुलगा दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेस बसत नाही; आणि घरच्यांनी विचारल्यास त्याच्यापाशी उत्तर तयार असते. हे उत्तर नेहमीच चुकीचे असते असे नव्हे. मात्र ज्या उदाहरणावर ते उभे आहे, ते उदाहरण नीट वाचले गेलेले नाही, एवढे निश्चित.

ते वाचावयाचे तर प्रथम वर्षे मोजावी लागतील. झहीरचा जन्म ऑक्टोबर १९७८ मधला. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास तो मुंबईस गेला. १९९९-२००० च्या मोसमात त्याने बडोद्यातर्फे प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले आणि ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबी येथे तो भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. नोव्हेंबरात ढाक्यास पहिली कसोटी. म्हणजे श्रीरामपूर ते नैरोबी या प्रवासास साधारण चार वर्षे लागली. अभियांत्रिकीची पदवी घ्यावयास लागतात तितकीच! त्याचे लोणीचे वर्गबंधू पदवीचा कागद घेऊन बाहेर पडले असतील, त्याच सुमारास तो भारतीय संघात आला. त्याने वेळ वाचविला नाही. एका शिक्षणक्रमाऐवजी तितक्याच मुदतीचा दुसरा शिक्षणक्रम पत्करला.

आणि तो शिक्षणक्रम होता, हे विसरून चालणार नाही. मुंबईस क्रॉस मैदानावर नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक हे त्याचे गुरू होते. नाईक स्वतः कसोटी खेळलेले, मुंबईच्या क्रिकेटचा अंतर्बाह्य अनुभव असलेले गृहस्थ. अभियांत्रिकी सोडण्याचा सल्ला त्यांचाच होता. त्यानंतर मद्रासच्या एमआरएफ वेगवान गोलंदाजी प्रतिष्ठानात त्याची घडण झाली. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळण्याची वाट पाहत न बसता तो बडोद्यास गेला आणि २०००-०१ साली बडोद्याने रणजी करंडक जिंकला, त्यात त्याचा वाटा मोठा होता. या सर्व वाटचालीत धाडस आहेच; पण धाडसाहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्याला दर आठवड्यास शेकडो गोलंदाज पाहावयास मिळतात अशा जाणत्या माणसाने त्या मुलाची पारख केली होती. गावच्या सामन्यात पाच बळी मिळाले म्हणून किंवा मित्रांनी खांद्यावर घेतले म्हणून त्याने महाविद्यालय सोडले नाही.

आणखी एक गोष्ट. झहीरने महाविद्यालय सोडले असे म्हणतात. वस्तुतः त्याने जिल्हा सोडला. श्रीरामपूरला राहून कसोटीच्या दर्जाचा गोलंदाज होण्याची सोय त्या काळी नव्हती आणि मुंबईचे मैदान व लोणीची कार्यशाळा एकाच वेळी साधणे शक्य नव्हते. जिल्ह्याचा दुसरा कसोटीपटू अजिंक्य रहाणे याचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वीचा. पण तो वाढला डोंबिवलीस. त्याच्या घराने स्थलांतर आधीच केले होते, म्हणून त्याच्यापुढे हा पेच त्या रूपात उभा राहिला नाही. तेव्हा शिक्षण आणि खेळ यांच्यातील ज्या विरोधाची एवढी चर्चा होते, तो पुष्कळदा बुद्धी आणि शरीर यांच्यातील विरोध नसून लोणी आणि मुंबई यांच्यातील अंतर असते.

जुन्या व्यवस्थेत हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडविला जात असे. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले, त्या प्रवासाचा खर्च जमविताना कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर ७,००० रुपयांस गहाण ठेवले. ज्या महाविद्यालयात खाशाबा शिकले, त्याच्या प्राचार्यांना आपला मल्ल आणि आपला विद्यार्थी ही दोन माणसे आहेत असे वाटले नव्हते. पुढे १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. मुंबईतही गावसकरांच्या पिढीतील क्रिकेटपटू पदवी घेत, नंतर एखाद्या बँकेत किंवा निरलॉनसारख्या कंपनीत नोकरी करीत आणि खेळत. खेळ हा नोकरीचा मार्ग होता, स्वतः नोकरी नव्हता. या व्यवस्थेत खेळाडूंची उपेक्षा होत नसे असे मुळीच नाही. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. परंतु खेळण्यासाठी शिक्षण सोडण्याचा मोह त्या व्यवस्थेत नव्हता, कारण शिक्षण सोडून हाती लागावे असे काही नव्हतेच.

ते आता आहे. २०१४ साली प्रो कबड्डी स्पर्धा सुरू झाली आणि मातीत, फार तर मॅटवर, ढालीसाठी व रोख बक्षिसासाठी खेळल्या जाणाऱ्या खेळाला लिलावाचा भाव आला. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत याच्यावर २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली. ही शिखरावरची गोष्ट झाली. पण पायथ्याशीही रक्कम लहान नाही. अलीकडच्या लिलावांत 'ड' गटातील खेळाडूची मूळ किंमत ९ लाख आणि 'अ' गटातील खेळाडूची ३० लाख रुपये राहिली आहे. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर पोट भरणाऱ्या पाथर्डी किंवा जामखेड तालुक्यातील कुटुंबाने ९ लाखांचा आकडा ऐकल्यावर मुलाच्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची चिंता करावी, ही अपेक्षा शहरी आहे.

नगर जिल्ह्याला तर झहीरनंतरचे ताजे उदाहरणही लाभले आहे. अस्लम इनामदार हा बेताच्या परिस्थितीतून आलेला जिल्ह्याचा मुलगा पुणेरी पलटणचा कर्णधार झाला. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होता. आणि मार्च २०२४ मध्ये हैदराबाद येथे त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने पहिले विजेतेपद मिळविले. याच अस्लमला पुढच्याच मोसमात, २०२४ च्या अखेरीस, गुडघ्याच्या दुखापतीमुळे स्पर्धेबाहेर बसावे लागले. २०२५ मध्ये तो परतला व संघाला पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला, हे त्याचे कौतुक. परंतु कर्णधारासाठी संघ थांबतो. 'ड' गटातील विसाव्या खेळाडूसाठी थांबतो काय? कबड्डीत चढाई करणाऱ्याचा गुडघा आणि पकड करणाऱ्याचा खांदा हेच त्याचे भांडवल, आणि ते भांडवल एका क्षणात बुडू शकते.

जागांचाही हिशेब करून पाहावा. स्पर्धेत बारा संघ आहेत आणि प्रत्येक संघात अधिकात अधिक पंचवीस खेळाडू. म्हणजे सबंध देशासाठी तीनशेहून अधिक जागा नाहीत, त्यांतही काही परदेशी खेळाडूंच्या. हरियाणाचा दबदबा सोडला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला उदार मनाने भाग दिला, तरी एका जिल्ह्याच्या पदरी पडणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्याच. जिल्ह्यातील महाविद्यालयांत कबड्डी खेळणारी मुले किती असतील याचा अंदाज कोणत्याही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दिवशी मैदानाबाहेरच्या बसगाड्या मोजून बांधता येईल.

अन्य खेळांत तर एवढाही भरवसा नाही. व्यावसायिक कुस्तीची प्रो रेसलिंग लीग २०१५ मध्ये गाजावाजाने सुरू झाली आणि २०१९ नंतर अनेक वर्षे भरलीच नाही. अल्टिमेट खो-खो स्पर्धेचा पहिला मोसम ऑगस्ट २०२२ मध्ये झाला, दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. मधल्या सोळा महिन्यांत खेळाडूने काय खावे हे स्पर्धेच्या आयोजकांनी सांगितले नव्हते. मल्लाला गावोगावच्या यात्रांतील हगामे आहेत, इनामाच्या कुस्त्या आहेत. महाराष्ट्र केसरीची किताबी लढत २०२५ च्या फेब्रुवारीत खुद्द नगरच्या वाडिया पार्कवर झाली तेव्हा तरुणांची जी गर्दी लोटली, ती पाहणाऱ्यास कुस्तीचे दिवस गेले असे वाटले नसते. पण किताब वर्षाला एकाला मिळतो. बाकीच्या मल्लांचा खुराक घरची म्हैस आणि बापाची उचल यांवर चालतो.

तेव्हा खरा प्रश्न शिखराचा नाही, खालच्या पायरीचा आहे. नामांकित न झालेल्या पण चांगल्या खेळाडूला हा समाज काय देतो? महाराष्ट्रात त्याचे उत्तर एकच आहे आणि ते सरकारी आहे. गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय सेवेत ५ टक्के समांतर आरक्षण आहे; रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. या वाटेने खेड्यापाड्यांतील कित्येक मुले पोटास लागली. परंतु या वाटेवर पदोपदी शिक्षणाचा उंबरठा आहे. पोलीस शिपाई व्हावयास बारावी पुरते, उपनिरीक्षक व्हावयास पदवी लागते. तलाठी व्हावयासही पदवीच लागते. रेल्वेत दहावी झालेल्या खेळाडूला सर्वांत खालची श्रेणी, बारावीवाल्यास त्यावरची, पदवीधरास आणखी वरची. पदक तेच, घाम तोच. पण पदवी नसलेला त्याच पदकावर आयुष्यभर दोन पायऱ्या खाली राहतो. असामान्य यश मिळविणाऱ्यांना थेट नेमणुका मिळतात, नरसिंग यादव आणि विजय चौधरी हे मल्ल पोलीस उपअधीक्षक झाले, हे खरे. परंतु त्यासाठी असामान्यच असावे लागते.

कबड्डीसाठी किंवा कुस्तीसाठी दुसऱ्या वर्षातून महाविद्यालय सोडणारा मुलगा वरची पायरी गाठण्याच्या आशेने खालची पायरी स्वतःच्या हाताने काढून टाकतो, ती अशी. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजाचे गणित निराळे आहे. तेथे सतरा ते एकवीस ही वर्षे हुकली तर हुकलीच, आणि वरून राज्याच्या संघात स्थिर झालेल्यास सामन्याच्या मानधनावर बऱ्यापैकी जगता येते; २०२१ पासून रणजीच्या नवोदितासही दिवसाला ४०,००० रुपये मिळू लागले. एकाच जिल्ह्यातील दोन मुलांना एकच सल्ला देता येत नाही, तो एवढ्यासाठी. आष्टी हा नगरला लागूनच असलेला तालुका. तेथील अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला व धावपटू सैन्यातच झाला. त्याचेही महाविद्यालय राहिलेच. पण त्याने आधी नोकरी धरली आणि खेळ मागाहून आला. ज्या घरात उद्याची भाकरी अनिश्चित आहे तेथे हा क्रम शहाणपणाचा ठरतो.

महाविद्यालय सोडून व्यावसायिक व्हावे काय, या प्रश्नाचा सर्वांत जास्त खल जगात कोठे झाला असेल तर तो अमेरिकेत, बास्केटबॉलच्या संदर्भात. तेथील राष्ट्रीय व्यावसायिक संघटनेचा पूर्वी नियम होता की, शाळा सुटल्यापासून चार वर्षे होईपर्यंत खेळाडूला घ्यावयाचे नाही. स्पेन्सर हेवूड या खेळाडूच्या प्रकरणात १९७१ साली तो नियम न्यायालयात टिकला नाही. पुढे शाळेतून थेट व्यावसायिक झालेले कोबी ब्रायंट व लेब्रॉन जेम्स यांच्यासारखे खेळाडू आले. त्यावर उतारा म्हणून २००६ पासून एकोणीस वर्षांची अट घालण्यात आली. मग मुले एक वर्ष विद्यापीठात काढून निघून जाऊ लागली. या सर्व काळात विद्यापीठांची भूमिका अशी की, विद्यार्थी खेळाडू हा हौशीच असला पाहिजे; त्याने दमडी घेतली की तो बाटला. सामन्यांच्या प्रक्षेपणातून विद्यापीठे मात्र अमाप पैसा मिळवीत होती. २०२१ मध्ये हे सोवळे सुटले, खेळाडूस स्वतःच्या नावावर पैसे मिळविण्याची मुभा झाली आणि २०२५ पासून विद्यापीठांनीच उत्पन्नातील वाटा खेळाडूंना देण्यास आरंभ केला. परिणाम असा की, मुदतीपूर्वी विद्यापीठ सोडणाऱ्यांची संख्या लक्षणीय घटली! इतकी वर्षे ज्या मुलांना अभ्यासाची नावड आहे असे समजले जात होते, ती मुले विद्यापीठात राहू लागली. त्यांची तक्रार वर्गाविषयी नव्हतीच. आपल्या घामावर इतरांनी श्रीमंत व्हावे, याविषयी होती.

या अमेरिकी इतिहासात आणखी एक बाब आहे, तिच्याकडे इकडे कोणाचे लक्ष जात नाही. मायकेल जॉर्डनने १९८४ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ एक वर्ष आधी सोडले. पण व्यावसायिक खेळाडू झाल्यानंतर त्याने भूगोल विषय घेऊन पदवी पुरी केली. शकील ओनील १९९२ मध्ये विद्यापीठातून बाहेर पडला आणि २००० साली पदवीधर झाला. तेव्हा ते दोघेही कोट्यधीश होते, नोकरी मागावयास कोठे जाणार नव्हते. तरी ते परत आले, कारण परत येता येत होते.

उलट आपल्याकडचा सतनाम सिंग पाहावा. पंजाबच्या बल्लोके गावचा हा उंचपुरा मुलगा फ्लोरिडातील क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याची ५२ व्या क्रमांकावर निवड केली. भारतात जन्मून त्या निवडीत आलेला तो पहिलाच. विद्यापीठात न जाता तो थेट तेथे गेला आणि मुख्य स्पर्धेतील एकही सामना त्याला खेळावयास मिळाला नाही. पुढे तो करमणुकीच्या कुस्तीकडे वळला. विद्यापीठात चार वर्षे काढली असती तर त्याचा खेळ पिकला असता की नाही, हे सांगता येणार नाही. पण निवड होणे आणि खेळावयास मिळणे यांत किती अंतर असते, ते त्याच्या वाटचालीवरून कळते. लिलावात नाव पुकारले गेले की गावात पेढे वाटले जातात. बाकावर बसून काढलेल्या मोसमाची बातमी गावापर्यंत पोहोचत नाही.

मौज अशी की, अमेरिकेत जो पेच नियमाने निर्माण केला होता, तो नियम आपल्याकडे नाही. व्यावसायिक संघाशी करार केला म्हणून नगरच्या महाविद्यालयातून कोणाचे नाव कमी होत नाही. एका हाताने लिलावाची रक्कम घ्यावी आणि दुसऱ्याने परीक्षेचा अर्ज भरावा, यास कोणतीही आडकाठी नाही. मग आपली मुले महाविद्यालय सोडतात ती का? पुष्कळदा ती सोडीत नाहीत, सुटून जातात. सत्रात ७५ टक्के हजेरी भरत नाही, प्रात्यक्षिके बुडतात, सराव शिबिर आणि अंतर्गत चाचणी एकाच आठवड्यात येतात, एक विषय राहतो, मग चार राहतात, आणि एके दिवशी मुलगाच म्हणू लागतो की आपल्याला शिक्षणात रस नव्हता.

येथे महाविद्यालयांच्या वागणुकीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. जूनमध्ये खेळाडूस प्रवेश देताना क्रीडासंचालक गावापर्यंत जातात. शुल्कात सवलत, वसतिगृहात जागा, आंतरविभागीय स्पर्धेचा करंडक आला की प्राचार्यांसह छायाचित्र. परंतु तोच मुलगा तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडला की नाही, याची नोंद कोणी ठेवीत नाही. मूल्यांकनाच्या अहवालात करंडक मोजले जातात. करंडक आणणाऱ्यांपैकी किती जण उत्तीर्ण झाले, हा रकाना महत्त्वाचा मानला जात नाही. खेळाडूला हजेरीत डोळेझाक करून पुढे ढकलणे म्हणजे त्याच्यावर उपकार, अशी समजूत आहे. तसे झाल्यास कागद मिळतो, पण विद्या मिळत नाही. आणि स्पर्धा परीक्षेच्या सभागृहात त्या कागदाचे मोल उघडे पडते. खर्डेकरांनी घर गहाण टाकले, तेवढे आज कोणी मागत नाही.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच कठोर आहे. श्रीगोंद्याची भाग्यश्री फंड २०२५ मध्ये महिला महाराष्ट्र केसरी झाली. जिल्ह्याच्या तालमींत मुली दिसू लागल्या हे चांगलेच झाले. परंतु कबड्डीत पुरुषांसारखी व्यावसायिक स्पर्धा मुलींसाठी उभी राहिलेली नाही. २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा पुरुषांच्या मोसमाबरोबर झाली. ग्रामीण घरात मुलीचे महाविद्यालय सुटले म्हणजे तिला खेळावयास वेळ मिळाला असे होत नाही. लग्नाची बोलणी सुरू होतात. महाविद्यालयाचे ओळखपत्र हेच पुष्कळ मुलींचे मैदानावर येण्याचे परवानापत्र असते. म्हणून मुलींपुरते या प्रश्नाचे उत्तर देण्यास कचरण्याचे कारण नाही. त्यांनी महाविद्यालय सोडू नये. सोडले तर बहुधा खेळही सुटतो.

मुलांच्या बाबतीत आता कायद्याने थोडी वाट मोकळी केली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मधेच बाहेर पडण्याची व पुन्हा प्रवेश घेण्याची तरतूद केली. एक वर्ष पुरे केल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांस पदविका, तीन वर्षांस पदवी. मिळविलेले श्रेयांक २०२१ मध्ये स्थापन झालेल्या पेढीत जमा राहतात. तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत शिक्षण संपवावे, असा दंडक आहे. नगर जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठास जोडलेली आहेत तेथेही नवी रचना लागू झाली आहे. शिवाय नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. खेळाडूस मुळापासून नवा मार्ग शोधावयास नको. पण ही तरतूद त्याच्या घरापर्यंत पोहोचली आहे काय? करार वाचून दाखविणारा दलाल घरी येतो. श्रेयांक म्हणजे काय हे सांगावयास महाविद्यालयातून कोणी येत नाही.

तरतुदीतही खेळाडूच्या दृष्टीने खोट आहे. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मुलाची सात वर्षे पंचविसाव्या वर्षी संपतात. चांगला चढाईपटू तर त्या वयात ऐन भरात असतो. ज्याची कारकीर्द उमलली, त्यालाच परतीचे दार बंद, असा उफराटा न्याय त्यातून होतो. करारबद्ध खेळाडूची मुदत त्याच्या अखेरच्या करारापासून मोजली जावी, एवढी दुरुस्ती विद्यापीठ अनुदान आयोगास अवघड नाही.

आणि त्याहून सोपी गोष्ट विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या हाती आहे. प्रो कबड्डीचा २०२४ चा मोसम १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर चालला. २०२५ चा ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत. दोन्ही वेळी पहिल्या सत्राचे वर्ग, चाचण्या किंवा परीक्षा यांवरच घाला पडला. दुसरे सत्र जवळजवळ मोकळे होते. मोसमाच्या तारखा आगाऊ जाहीर होतात. करारबद्ध खेळाडूंसाठी पहिल्या सत्राची परीक्षा मोसम संपल्यावर, जानेवारीच्या उत्तरार्धात, पुन्हा एकदा घेण्याचे ठरविल्यास विद्यापीठाला प्रत्येक विषयाची एक प्रश्नपत्रिका अधिक काढावी लागेल. जिल्ह्यातील अशा परीक्षार्थींना बसविण्यास नगरच्या उपकेंद्रातील एक खोली पुरेल.